वाचक विचारतात : पहिला खेळ कुठे लावायचा?

प्रश्न : रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवरच्या, आमच्या ९० मिनिटांच्या मालवणी चित्रपटाचं संकलन संपत आलंय. नायक दहा वर्षांचा मुलगा. जिल्ह्यातल्या एका महोत्सवाला तो डिसेंबरमध्ये दाखवायचाय, ओळखीची माणसं आहेत, नाही म्हणवत नाही. पण बर्लिनच्या महोत्सवालाही पाठवायचाय. काय करावं? — एक वाचक, मालवण

उत्तर : ओळखीच्या माणसांना नाही म्हणू नका, पुढच्या वर्षीची तारीख द्या. चित्रपटाचा पहिला जाहीर खेळ एकदाच होतो आणि मोठे महोत्सव तोच मागतात. प्रत्येकाचा नियम मात्र वेगळा. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेला जगातला पहिलाच खेळ लागतो. बर्लिनच्या मुख्य स्पर्धेत मायदेशी दाखवलेला चित्रपट बसू शकतो, पण देशाबाहेर कुठे लागलेला नको. कानचंही साधारण तसंच : मायदेशातलं प्रदर्शन खपतं, दुसरा आंतरराष्ट्रीय महोत्सव खपत नाही. म्हणजे डिसेंबरच्या त्या एका खेळानं बर्लिनचं दार बंद होईलच असं नाही, पण व्हेनिसचं नक्की होईल. बर्लिननं नकार दिला तर हातात काय उरतं, ते आज ठरवा. कलाकार-तंत्रज्ञांसाठी घरगुती खेळ जरूर लावा. मात्र पोस्टर, तिकीट, बातमी नको, आणि यूट्यूबवर काही मिनिटंही नकोत.

नायक मूल आहे, तेव्हा बर्लिनचा जनरेशन हा मुलांच्या-किशोरांच्या चित्रपटांचा विभाग आधी पाहा. कोकणात चित्रित झालेल्या 'किल्ला'ला २०१४ साली तिथेच, केप्लस या लहान मुलांच्या गटात, बालज्युरींचा क्रिस्टल बेअर मिळाला. मुख्य स्पर्धेचा हट्ट धरून चुकीच्या विभागात वर्ष घालवणारे पुष्कळ असतात.

वेळापत्रक असं : रॉटरडॅम जानेवारीअखेर, बर्लिन फेब्रुवारीत, कान मेमध्ये, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस ऑगस्टअखेर, टोरंटो सप्टेंबरमध्ये. प्रवेशिका दोन-चार महिने आधी बंद होतात. बर्लिनच्या साधारण दिवाळीच्या आगेमागे. कच्चं संकलन पाठवता येतं, पण ध्वनी अपुरा असेल तर तसं अर्जात लिहा. नाकारलेला चित्रपट निवड समिती सहसा पुन्हा पाहत नाही, त्यामुळे समुद्राच्या घोंघाटात संवाद बुडत असतील तर एक हंगाम थांबलेलं परवडतं. प्रवेशिकेसोबतच्या लिंकवर इंग्रजी सबटायटल चित्रातच छापलेली हवीत, आणि निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलायचा नाही.

प्रश्न : आम्ही सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रित केलंय. महोत्सव २४ फ्रेमची डीसीपी, म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत, मागतोय. आवाज बिघडेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नीट केलं तर नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट लुकलुकू नये यासाठी बरेच जण २५ फ्रेम धरतात. खरं तर २४ फ्रेमलाही शटर १/५० सेकंद, म्हणजे शटरचा कोन १७२.८ अंश, ठेवलं की भागतं. पुढच्या वेळी तसं करा.

आता २५ चं २४ करायचं तर सरळ उपाय म्हणजे चित्र मंदावणं. ९० मिनिटांचा चित्रपट ९३ मिनिटं ४५ सेकंदांचा होतो आणि आवाज साधारण पाऊण अर्धस्वरानं खाली येतो (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर). बोलण्यात हे फारसं जाणवत नाही, पण पेटीच्या साथीवर लगेच कान टवकारतात. म्हणून मिक्स करणाऱ्याला स्वर पूर्ववत करून घ्यायला सांगा. सबटायटलच्या वेळाही त्याच प्रमाणात ताणाव्या लागतात. ही गोष्ट नेमकी विसरते आणि शेवटच्या रिळात ओळी पात्रांच्या तीन-साडेतीन मिनिटं आधी उमटतात. फ्रेम गाळण्या-मिसळण्याचा आयता पर्याय सॉफ्टवेअर देतं, तो घेऊ नका. होडी आडवी सरकताना झटके दिसतात.

डीसीपी २५ फ्रेमवरही बनते, पण जुने सर्व्हर ती चालवत नाहीत. विचारल्याशिवाय पाठवू नका. ड्राइव्ह ईएक्सटी ३ या लिनक्सच्या प्रकारात फॉरमॅट करा. घरच्या विंडोज कॉम्प्युटरची एनटीएफएस प्रकारातली ड्राइव्ह प्रत्येक सर्व्हर वाचेलच असं नाही. आणि पाठवण्याआधी अख्खी प्रत थिएटरात एकदा चालवून बघा. आपल्याकडची काही थिएटरं उपग्रहावरून येणाऱ्या वेगळ्या प्रणालीवर चालतात, तिथे डीसीपी लागत नाही. तेव्हा आधी फोन करा, नाहीतर पणजी किंवा मुंबई गाठा.

प्रश्न : एका परदेशी महोत्सवाकडून 'निवड झाली' असा मेल आला. ट्रॉफीसाठी पैसे मागतात. भरावे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. दर महिन्याला बक्षिसं, शंभरेक गट, थिएटरचा पत्ता नाही, नाव मात्र 'कान'च्या जवळपास जाणारं : हा धंदा आहे. प्रवेशशुल्क बरेच खरे महोत्सवही घेतात, निवडीनंतर ट्रॉफीचे पैसे मागत नाहीत.

प्रश्न : माहितीपटात दशावताराचा रात्रभराचा खेळ आहे. त्यातलं नाट्यपद आणि चहाच्या टपरीवर वाजणारं जुनं सिनेगीत, दोन्ही चालतील ना? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दोन्हींचा हिशेब वेगळा. पद रचणाऱ्याच्या निधनाला ६० वर्षं उलटून गेली असतील तर शब्दांवर हक्क उरत नाही. चाल दुसऱ्याची असेल तर त्याचंही वर्ष बघा. पण गाणारा कलावंत आज तुमच्यासमोर गातोय, त्याची लेखी संमती हवीच. ती कंपनीच्या मालकाकडून एकगठ्ठा न घेता हार्मोनियम, पखवाज, झांज वाजवणाऱ्यांसकट प्रत्येकाकडून घ्या, मराठीत, पहाटे खेळ संपल्यावर नव्हे, रंगायला बसायच्या आधी. पहाटे सगळे पांगतात.

टपरीवरचं गीत काढून टाका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं असतो, आणि तो संपला तरी गीतकार-संगीतकाराचा बाकी असू शकतो. 'मागे सहज वाजत होतं' हे कारण चित्रपट विकून देणारा विक्री-प्रतिनिधी ऐकत नाही. तेच गाणं ठेवायचं असेल तर आधी फक्त महोत्सवांपुरते, ठरावीक वर्षांचे हक्क घ्या. ते स्वस्त पडतात. मात्र पुढे सर्व माध्यमांसाठी किती रक्कम द्यायची, हे त्याच करारात लिहून घ्या. बक्षीस मिळाल्यावर विचारायला गेलात तर भाव वाढलेला असतो.