एरोस्पेसमध्ये जायचंय? आधी मायक्रोमीटर हातात घे

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे ना? मग सॉफ्टवेअरच्या आणखी एका कोर्सला पैसे भरण्याआधी सुट्टीभर भोसरीतल्या एखाद्या जॉब शॉपमध्ये, म्हणजे ऑर्डरप्रमाणे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, उभा राहा. ड्रॉइंग वाचायला शीक. जीडी अँड टी, म्हणजे भागाच्या आकारात आणि जागेत किती फरक चालेल हे ड्रॉइंगवर दाखवायची चिन्हं, वर्गात घाईघाईने उरकतात आणि मुलाखतीत मुलं नेमकी तिथेच अडकतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. नेहमीचा व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो, साधा मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, कुठे काय वापरायचं हे हाताला कळलं पाहिजे.

टायटॅनियम तर वेगळंच प्रकरण. त्यातून उष्णता फारशी वाहून जात नाही, टूलच्या टोकाशीच साठते. म्हणून कटिंग स्पीड कमी, कूलंट भरपूर. माइल्ड स्टीलवर शिकलेले आकडे तिथे लावलेस तर इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं कापणारं टोक, बघता बघता जळतो.

आणि कागदपत्रं! एएस ९१००, म्हणजे एरोस्पेसचं गुणवत्ता मानक, पाळणाऱ्या शॉपमध्ये भागाचा माग कच्च्या मालाच्या हीट नंबरपर्यंत, म्हणजे धातू ज्या घाणीत वितळवला तिच्या क्रमांकापर्यंत, लागावा लागतो. माप चुकलं तर लगेच सांग. पहिल्या वर्षी मी बनवलेला एक भाग ०.०३ मिमी अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान, गेला होता. मी स्वतःहून सांगितलं, म्हणून टिकलो.

अप्रेंटिसशिप मिळत असेल तर स्टायपेंड कमी म्हणून सोडू नकोस रे.