शाळेच्या फुटबॉल सामन्यात पालक रेषेवरून ओरडतात, मुलं रेफ्रीशी हुज्जत घालतात. शिस्त कशी लावावी?

सुरुवात पालकांपासून करा. पुण्यातल्या शाळांच्या मैदानांवर बहुतेक वेळा पालक थेट टचलाइनवरच उभे असतात. रेषेपासून दोन-तीन मीटर मागे फक्कीची दुसरी रेघ मारा, पालक तिच्यामागे. तेही संघांच्या बाकांच्या समोरच्या बाजूला. गोलमागे कोणीही नको, गोलकीपर बिचारा तिथेच सगळ्यात जास्त बोलणी खातो. टाळ्या, शाबासकी चालेल. ‘पास दे’, ‘मार मार’ नाही. बॉल पायात असताना बाबांचा आवाज आला की पोरगं मोकळ्या साथीदाराऐवजी बाबांकडे बघतं, आणि बॉल जातो.

मुलांना नियम सांगून ठेवा: रेफ्रीशी बोलायचं तर फक्त कॅप्टनने, खेळ थांबल्यावर. निर्णयावर हुज्जत घातली, उपहासाने टाळ्या वाजवल्या तरी पिवळं कार्ड. शिवी दिली तर थेट लाल, मग उरलेला सामना दहा जणांत. हे सरावातच मुरवा. सरावसामन्यात जो तोंड उघडेल त्याला पाच मिनिटं बाहेर बसवा, मग तो स्टार स्ट्रायकर का असेना. तिथे सूट दिली की बाकीचे लगेच हेरतात.

कोचही अपवाद नाहीत. 2019 पासून बाकावरच्या कोच-मंडळींनाही कार्ड दाखवता येतं, आणि दोषी कोण ते कळलं नाही तर ते तिथल्या मुख्य कोचच्या नावावर जातं. पालकांना कार्ड नसतं, पण रेफ्री सामना थांबवू शकतो. म्हणून प्रत्येक संघाने एका पालकालाच बाकीच्यांना आवरायचं काम द्यावं. कोचने ओरडण्यापेक्षा ते जास्त लागू पडतं.