सशाच्या अंगातून कापूस डोकावतो तेव्हा

प्रश्न : मावशी, भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला ससा विणला. नमुना अमेरिकन होता, त्यात ३ नंबरची सुई सांगितली होती. चार दुकानं पालथी घालून ती मिळवली, फोर-प्लाय म्हणजे चार पदरी लोकर घेतली. पण ससा झाला चाळणीसारखा, टाक्याटाक्यातून कापूस दिसतोय. लोकर वाईट निघाली का? आमचे हे यंत्रमागावर असतात, ते नुसते हसतात. (अशोक चौक)

उत्तर : लोकरीला बोल लावू नका. आपल्याकडच्या सुया जुन्या इंग्रजी मापाच्या. नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते. अमेरिकेचं माप नेमकं उलटं. नमुन्यातली ३ नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आपली १०. तुम्ही आणलीत ती साडेसहा मिलिमीटरची, दुप्पट जाड! आता हसणाऱ्या यजमानांना विचारा, २० काउंटचं सूत जाड की ४० चं? सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल, २० चं; काउंट वाढला की सूत बारीक. आपल्या सुईचा हिशोब तसाच. आणि खेळण्याला नमुन्यापेक्षाही घट्ट वीण हवी, म्हणून मी फोर-प्लायला १२ नंबर घेते. हात दुखतात, पण कापूस आत राहतो.

ससा उसवा, लोकर वाया जायची नाही. ३६ टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणा. दोन ओळींची एक वळी दिसते. ३६ वळ्या, म्हणजे ७२ ओळी झाल्या की चौकोन होतो. टाके बंद करा. आता चौकोनाच्या मधोमध आडवा धावदोरा घाला आणि दोन्ही टोकांपासून वरच्या कडेच्या मध्यावर तिरका न्या, त्रिकोण होईल. त्रिकोणावर भरण ठेवून दोरा ओढा. डोकं गोळा होतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात. मला अजूनही या क्षणाची गंमत वाटते. मग पाठ शिवत या, पोट भरा, खालचं तोंड बंद करा.

भरायला कापूस नको, उशीतलं फायबर घ्या. माझ्या पहिल्या हत्तीत मी जुन्या गादीचा कापूस कोंबला होता. धुतला, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकला. वरून तासाभरात खडखडीत. आत ओला तो ओलाच. पोटाचा गोळा पायात उतरला आणि वास सुटला तो वेगळाच. शिवाय भाची वर्षाची आहे, तेव्हा मणी-बटणांचे डोळे अजिबात लावू नका, तोंडात जातात. काळ्या दोऱ्याने भरून काढा.

प्रश्न : सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नातू बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, घालतो. त्याच्या विणलेल्या बाहुल्यालाही हवी म्हणतो. जमेल? (बाळीवेस)

उत्तर : न जमायला काय झालं! पांढरं सुती सूतच घ्या, लोकरीची बाराबंदी स्वेटरसारखी दिसते. पाठीचा एक तुकडा आणि पुढचे दोन. पुढचा प्रत्येक पाठीच्या पाऊणपट रुंद, म्हणजे एकावर एक नीट येतात. सुलट-उलट ओळींचं विणाल तर कडा गुंडाळतात, म्हणून इथंही सगळं सुलटच. बंद क्रोशाच्या साखळीचे करा. चार पुरेत, बारा लावायला गेलात तर बाहुला बंदातच हरवेल. मात्र नातू मोजणारा असेल तर तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : सुती हेअरबँड दोन दिवसांत सैल पडून डोळ्यांवर येतो. (जुळे सोलापूर)

उत्तर : सुताला लोकरीसारखा ताण नसतो, एकदा ताणलं की तसंच राहतं. मागचा चार बोटं भाग उसवून तिथं इलॅस्टिक लावा.