'सरकारी अतिक्रमण' म्हणजे नेमकं कुणाचं?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक बाई त्यांच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या राजकारणावर लेख लिहीत आहेत आणि एका वाक्यापाशी अडल्या आहेत: 'पुराणमतवाद्यांनी सरकारी अतिक्रमण व पक्षपाती अन्याय यांवर टीका केली आहे.' मूळ शब्द 'गव्हर्न्मेंट ओव्हररीच'. त्या लिहितात, 'अतिक्रमण हा शब्द कोशात मिळाला, पण वाचताना खुपतो. त्याऐवजी सीमोल्लंघन चालेल का?'

खुपतो हे बरंच आहे. मला तो खुपला नव्हता, म्हणून फजिती झाली होती. जानेवारी २०२२ मधली गोष्ट. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी लस तरी सक्तीची करावी, नाहीतर दर आठवड्याला चाचणी आणि मास्क, असा फतवा बायडन यांच्या काळात 'ओशा' या कामगार-सुरक्षा यंत्रणेने काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो रोखला. मी ऐटीत शीर्षक दिलं: 'अमेरिकेत सरकारी अतिक्रमणाला चाप'. पान लावणारा सहकारी म्हणाला, "तिकडे पण गायरानावर टपऱ्या टाकतात का हो?"

चूक त्याची नव्हती. संस्कृतात अतिक्रमण म्हणजे मर्यादा ओलांडून जाणं, एवढंच. पण मराठीत या शब्दाला आता महापालिकेचा वास येतो. अतिक्रमण विभागाची गाडी येते, भाजीवाल्याचा वजनकाटा आणि छत्री उचलून नेते. म्हणजे आपल्याकडे अतिक्रमण करतो तो नागरिक आणि ते हटवतं ते सरकार. 'सरकारी' हे विशेषण पुढे लावलं की कान आपोआप 'सरकारी जागेवरचं' असा अर्थ पुरवतो. अमेरिकेतल्या उजव्यांची तक्रार नेमकी उलटी आहे. त्यांच्या मते सरकारच आमच्या अंगणात खांब रोवतंय.

हे 'अंगण' नुसतं अलंकारिकही नाही. आयडाहो राज्यात प्रीस्ट लेक नावाचं तळं आहे. तिथे एका जोडप्याने घर बांधायला एकराच्या दोन-तृतीयांशाएवढा प्लॉट घेतला. तळं तिथून सुमारे तीनशे फूट लांब, मध्ये दुसऱ्यांची घरं. २००७ मध्ये त्यांनी प्लॉटवर माती-खडी टाकून भराव सुरू केला. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे 'ईपीए'ने, कळवलं की ही पाणथळ जागा आहे, स्वच्छ पाणी कायद्याखाली येते, भराव काढा. नाही काढला तर दंड? सरकारी बाजूच्या हिशेबाने दिवसाला ७५,००० डॉलरपर्यंत. बरं, या आदेशाविरुद्ध कोर्टात तरी जाता येतं का, यावरच पहिली लढाई झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, येतं. मग तो प्लॉट त्या कायद्यात बसतो का, या प्रश्नाचं उत्तर मिळायला मे २०२३ उजाडलं. बसत नाही, असं सगळ्याच न्यायमूर्तींनी म्हटलं. कसोटी कोणती लावायची यावर मात्र पाच-चार अशी फूट पडली. आता या प्रकरणाचं शीर्षक 'सरकारी अतिक्रमण' असं द्या बरं. निम्म्या वाचकांना वाटेल, त्या जोडप्याने तळं बुजवून सरकारी जमीन लाटली!

मग 'मनमानी' किंवा 'हडेलहप्पी' का नको, असं तुम्ही विचाराल. 'हडेलहप्पी' माझा लाडका शब्द आहे. उच्चारला की टेबलावर काठी आपटल्यासारखं वाटतं. पण तो वागण्याची रीत सांगतो, अधिकाराची हद्द सांगत नाही. ओव्हररीच अगदी गोड बोलून, भल्या हेतूनेही होऊ शकतं. याची परीक्षा घ्यायला उत्तम उदाहरण म्हणजे बायडन यांची विद्यार्थी-कर्जमाफी. सुमारे ४०० अब्ज डॉलरची कर्जं माफ करायला २००३ च्या एका कायद्याचा आधार घेतला होता. रिपब्लिकनांचं म्हणणं, तो कायदा एवढ्यासाठी नाही, हा निर्णय काँग्रेसने घ्यायचा. (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, अंकात एकदा खुलासा करा, नाहीतर आणखी गोंधळ.) ३० जून २०२३ ला न्यायालयाने त्यांचं ऐकलं. आता कर्जमाफीला 'हडेलहप्पी' कोण म्हणेल? 'जुलूम' कोण म्हणेल? तरीही उजव्यांच्या लेखी ते ओव्हररीचच होतं. 'हस्तक्षेप' आणि 'ढवळाढवळ' हे दोन्हीही इथे पडतात, कारण हस्तक्षेप अधिकारात राहूनही करता येतो.

म्हणून शब्दात 'अधिकार' यायलाच हवा. कायद्याच्या मराठीत 'अधिकारबाह्य' हा शब्द रुळलेला आहे. नामच हवं असेल तर 'अधिकारातिक्रमण' म्हणा. जीभ जरा अडखळते, पण टपरी डोळ्यांपुढे येत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे नामाचा हट्टच सोडायचा. मराठीला क्रियापद मानवतं. 'सरकार आपल्या अधिकाराबाहेर गेलं', झालं काम. बोलीत 'पायरी सोडली' आहेच, फक्त त्यात अधिकारापेक्षा शिष्टाचाराचा भाग जास्त.

सीमोल्लंघन मात्र कृपा करून नको. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आपण आपट्याचं सोनं लुटून आणतो. मराठी माणसाच्या लेखी ती कौतुकाची गोष्ट. दिवाळी अंकात तर दसऱ्याच्या आठवणी ताज्या असणार. सरकारने सीमोल्लंघन केलं असं छापलंत, तर लोक अभिनंदनाचे निरोप पाठवतील.

या सगळ्या तक्रारीचा भाव पकडणारं काही मराठीत असेल, तर ती म्हण: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. म्हण जुन्या वळणाची आहे, अंकात वापरायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण उजव्यांचा युक्तिवाद तंतोतंत हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या शेवरॉन निकालाने केंद्रीय यंत्रणांना अशीच एक ओसरी दिली होती. कायदा संदिग्ध असेल तर यंत्रणेने लावलेला अर्थ, तो वाजवी असला की, कोर्टाने मानायचा. (गंमत म्हणजे त्या खटल्यात जिंकलं होतं ते उजव्यांचेच अध्यक्ष रेगन यांचं प्रशासन. ओसरी दिली तेव्हा पाहुणा घरचाच होता.) जून २०२४ मध्ये न्यायालयाने ती ओसरी काढून घेतली. तो खटला कुणाचा, तर तुमच्याच न्यू जर्सीतल्या केप मेच्या हेरिंग पकडणाऱ्या मच्छीमारांचा. बोटीवर सरकारी निरीक्षक बसणार आणि त्याचा खर्च, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत, बोटवाल्यानेच द्यायचा, असा नियम होता. लेखात हे जरूर घाला. त्या बंदरावर तुमचे वाचक सहलीला जाऊन आले असतील.

आता 'पक्षपाती'. इथे चकवा वेगळा आहे. पक्षपातातला 'पक्ष' म्हणजे बाजू, राजकीय पक्ष नव्हे. वर्गात बाई एकाच मुलीला फळा पुसायला देतात, तो पक्षपात. 'पार्टिजन' म्हणजे पक्षाचा झेंडा पाहून वागणं. त्यासाठी 'पक्षीय दुजाभाव' किंवा 'पक्षीय आकस' बरे. 'डावं-उजवं करणं' हा आपला वाक्प्रचार अर्थाने चपखल आहे, पण या विषयात वापरला तर वाचक कोटी समजेल.

यातलं गाजलेलं प्रकरण प्राप्तिकर खात्याचं. करसवलतीसाठी अर्ज करणाऱ्या संस्थांपैकी ज्यांच्या नावात 'टी पार्टी' (ही उजव्यांची एक चळवळ) किंवा 'पेट्रियट्स' असे शब्द होते, त्यांचे अर्ज सिनसिनाटीच्या कार्यालयात वेगळे काढून जादा तपासणीला लावले जात. काही अर्ज वर्षानुवर्षं लटकले. मे २०१३ मध्ये लोइस लर्नर या अधिकारी बाईंनी एका परिषदेत, आधीच ठरवून विचारायला लावलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, माफी मागितली. त्याच महिन्यात काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी आपण निर्दोष असल्याचं निवेदन केलं आणि मग स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क वापरून गप्प बसल्या. २०१७ च्या तपासणी-अहवालात असंही निघालं की 'प्रोग्रेसिव्ह', 'ऑक्युपाय' अशा डावीकडच्या शब्दांवरूनही अर्ज बाजूला काढले गेले होते. पण तोवर उजव्यांच्या मनात ते प्रकरण पक्कं कोरलं गेलं होतं. त्यांची भावना मराठीत सांगायला कोश उघडायची गरज नाही: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

याच संदर्भात तुम्हाला 'वेपनायझेशन' भेटेल. २०२३ मध्ये रिपब्लिकनांनी या नावाची उपसमितीच नेमली, त्यांचे खासदार जिम जॉर्डन तिचे अध्यक्ष होते. त्याचं 'शस्त्रीकरण' करू नका. मराठीत निःशस्त्रीकरणाच्या उलट ते शस्त्रीकरण. वाचकाला वाटेल प्राप्तिकर खात्याला बंदुका वाटल्या. 'सरकारी यंत्रणा विरोधकांवर हत्यार म्हणून वापरणं' असं सरळ लिहा. लांब झालं तरी चालेल.

राहता राहिले 'पुराणमतवादी'. हा शब्द आपल्याकडे सुधारकांच्या विरोधातून आलेला. विधवाविवाहाला नाकं मुरडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कर कमी करा आणि केंद्राने आमच्यापासून लांब राहावं म्हणणारा शेतकरी त्यात बसत नाही. ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्हांना मराठी वर्तमानपत्रांनी 'हुजूर पक्ष' केलं, मजूर पक्षाशी छान यमक जुळलं. पण 'हुजूर' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून भांडणाऱ्यांना ते नाव कसं द्यायचं? 'उजवे' लिहा. फक्त सगळ्या उजव्यांना एका माळेत ओवू नका. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यापार न्यायालयाने ट्रम्प यांचं आयातशुल्क अधिकारबाह्य ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत मर्यादित सरकारवाली मंडळी होती, आणि शब्द हाच, ओव्हररीच.

तर तुमचं वाक्य मी असं करीन: 'सरकार आपल्या अधिकाराबाहेर जातं, आणि जातं तेही पक्ष पाहून, अशी अमेरिकेतल्या उजव्यांची जुनी तक्रार आहे.' 'टीका' काढून 'तक्रार' केलं आहे, कारण खटले भरणाऱ्यांची ती टीका राहत नाही. 'जुनी' नको असेल तर खोडा.