अ‍ॅस्ट्रोसॅटच्या (भारताच्या अवकाश वेधशाळेच्या) एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीनं घेतलेल्या वर्णपटात 1.8 आणि 2.2 केईव्हीजवळ (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) मॉडेल बसत नाही. दोष स्रोताचा की उपकरणाचा?

बहुतेक वेळा उपकरणाचा. 1.84 केईव्हीला सीसीडीतल्या (किरण टिपणाऱ्या चिपमधल्या) सिलिकॉनची के-एज (जिथे शोषण एकदम वाढतं ती ऊर्जा) येते आणि 2.2 केईव्हीच्या आसपास आरशांवरच्या सोन्याच्या एम-एज. तिथे दुर्बिणीची संवेदनशीलता एकदम बदलते. त्यामुळे ऊर्जेची मोजपट्टी 20-30 इलेक्ट्रॉनव्होल्टनं सरकली तरी एका बाजूला उंचवटा आणि लगतच खड्डा दिसतो. अशी जोडी दिसली की मॉडेलमध्ये नवी रेषा घालू नका, आधी गेन, म्हणजे ही ऊर्जेची मोजपट्टी, तपासा.

मोजपट्टी सरकते कशी? सिलिकॉनमध्ये साधारण 3.65 इलेक्ट्रॉनव्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो, म्हणजे 5.9 केईव्हीच्या फोटॉनमागे सुमारे 1,600. हा विद्युतभार एकेक पिक्सेल सरकवत वाचनबिंदूपर्यंत न्यावा लागतो. कक्षेतल्या प्रोटॉनच्या माऱ्यानं सिलिकॉनच्या जाळीत दोष तयार होतात आणि ते वाटेत थोडे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. समजा, दर सरकवणीला लाखात एक भाग गळतो. मग 600 सरकवण्यांत 0.6 टक्के, म्हणजे 5.9 केईव्हीला 35 इलेक्ट्रॉनव्होल्ट गेले. भार लहान असेल तर गळतीचं प्रमाण आणखी वाढतं, म्हणून सगळ्या ऊर्जांना एकच गुणक लावून भागत नाही.

यावर लक्ष ठेवायला सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-55 चे किरणोत्सारी स्रोत सतत किरण टाकतात. त्यांच्या मँगनीज रेषा 5.9 आणि 6.5 केईव्हीला येतात. वाचनबिंदूजवळचा कोपरा आणि लांबचा कोपरा यांच्यातल्या फरकावरून गळती कळते. पण लोह-55 चं अर्धायुष्य 2.74 वर्षं आहे. प्रक्षेपण झालं सप्टेंबर 2015 मध्ये, त्यामुळे 10 वर्षांनी स्रोतांचा जोर तेव्हाच्या जेमतेम 8 टक्के उरतो आणि तितकीच अचूकता हवी तर कितीतरी जास्त वेळाची निरीक्षणं एकत्र करावी लागतात. माझ्या मते खरी अडचण मात्र वेगळी आहे: दोन्ही रेषा एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे 2 केईव्हीखाली मोजपट्टी कुठे बसली आहे हे त्यांच्यावरून नीट ठरत नाही. त्यासाठी टायकोसारखे अतिनवताऱ्यांचे अवशेष लागतात, ज्यांच्यात सिलिकॉनची रेषा 1.86 आणि गंधकाची 2.45 केईव्हीजवळ मिळते. तिथेही जपून, कारण अवशेषातलं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं धावतं. 2,000 किमीच्या वेगानं सिलिकॉनची रेषा 12 इलेक्ट्रॉनव्होल्टनं सरकते.

तुमच्या डेटासाठी: एक्सस्पेकमध्ये (वर्णपटाला मॉडेल बसवणारं सॉफ्टवेअर) फक्त एसएक्सटीच्या डेटासेटला 'गेन फिट' लावा. स्लोप (मोजपट्टीचा गुणक) 1 वर गोठवा, ऑफसेट (तिचं सरकणं) मोकळा ठेवा. दोन्ही मोकळे सोडले तर ते एकमेकांची भरपाई करत बसतात आणि संख्या भलतीकडे जातात. ऑफसेट काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत यायला हवा. 100 च्या पुढे गेला तर गेनला दोष न देता मॉडेल बदला. स्रोताच्या लोहरेषेची ऊर्जा मोजायची असेल तर आधी या एजवरून ऑफसेट ठरवून तो गोठवा, नाहीतर रेषेचं खरं सरकणं ऑफसेटमध्येच जिरून जातं.

ऑफसेट बसूनही वरच्या ऊर्जेला मोजणी जास्त वाटली आणि स्रोत फार तेजस्वी असला, तर पाइल-अप तपासा: दोन फोटॉन एकाच फ्रेममध्ये शेजारी पडले की त्यांच्या ऊर्जेची बेरीज एक फोटॉन म्हणून नोंदली जाते. प्रतिमेचा मधला भाग वगळून भोवतालच्या कड्यातून वर्णपट काढा आणि त्या कड्यासाठी एआरएफ (दुर्बिणीच्या संवेदनशीलतेची फाइल) नव्यानं तयार करा.