गाडीचा रेडिओ सेट बदलण्याआधी अँटेनाची वायर एकदा बाहेर काढून बघा

सातारकर भाऊ, तुमच्या गाडीच्या रेडिओचं गाऱ्हाणं वाचून आधी हसू आलं आणि मग जुनी जखम ठणकली. २००३ची मारुती झेन, पावसाळ्याआधी ड्रायव्हरकडच्या पिलरचं (समोरच्या काचेशेजारच्या खांबाचं) डेंटिंग-पेंटिंग, त्याच वेळी बसवलेली नवी अँटेना, आणि तेव्हापासून साताऱ्याचं एफएम १०३.१ साताऱ्यात ठणठणीत पण पुढं नागठाणे गाव आलं की खरखर. एएमवर तर नुसता इंजिनाचा आवाज. वर गॅरेजवाला म्हणतो सेट गेलाय, साडेसहा हजारांचा नवा टाका. २००९ साली माझ्या झेनला अगदी हेच झालं होतं. फरक एवढाच की मी सांगलीचा, आणि मी नवा सेट बसवून मोकळा झालो.

अँटेनाची काडी पूर्ण वर ओढलीय का, तिच्या वायरीचा प्लग सेटच्या मागं नीट बसलाय का, असलं काही विचारत नाही. एवढं सविस्तर लिहिणाऱ्या माणसानं ते बघितलंच असणार. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, बी.कॉम. आहे. द्राक्षबागांची औषधं विकतो. खाली लिहिलंय ते स्वतःच्या खिशाला भोक पडल्यावर कळलेलं आहे, त्यामुळे शेवटचा शब्द जाणत्या वायरमनचा.

माझी रोजची फेरी तासगाव, कवठेमहांकाळ, जत. जतच्या बाजूला एफएमचा काही भरवसा नाही, पण मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर, १२५१चं आकाशवाणीचं सांगली केंद्र त्या काळी आरामात यायचं. ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या आणि हवामान ऐकतच मी बागायतदाराच्या दारात जायचो. पाऊस म्हटलं की त्या दिवशी फवारणीच्या औषधाचं बोलणंच वेगळं व्हायचं. म्हणजे एएम माझ्या धंद्याचं होतं, शोभेचं नव्हतं.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीनं पिलर दाबला. डेंटरनं काम चांगलं केलं, पण जुनी अँटेना काढताना तिची वायर मुळापासून चार बोटांवर कापली. नव्या अँटेनाची वायर निघाली आखूड, डॅशबोर्डच्या मागं पोचेना. तो म्हणाला, मिरजेहून मागवतो, दोन दिवस लागतील. मला कुठला धीर! घरी डिश बसवताना उरलेली दोन मीटर वायर पडली होती. कोअॅक्सिअल (मधे तार, भोवती जाळी) ती पण आणि ही पण, असा माझा हिशोब. रविवारी सकाळी डॅशबोर्ड उघडून बसलो. मधली तार मधल्या तारेला पीळ मारून जोडली, आणि भोवतीची ती बारीक तारांची जाळी ब्लेडनं साफ छाटून टाकली. मला वाटलं ते वायरीचं नुसतं चिलखत आहे, सिग्नल तर आतून जातो. वर काळी टेप गुंडाळली. बायकोला बोलावून एफएमवर ९१.१ लावून दाखवलं. ठणठणीत! वडिलांनी एएम लावायला सांगितलं तर म्हणालो, संध्याकाळी बघू.

तिथून पुढचे चार महिने मी जे केलं ते तुम्ही करू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एएमवर घरघर, आणि अॅक्सिलरेटर दाबला की घरघरीची शिट्टी. गाडी मी एका सर्व्हिस सेंटरला नेली, नाव घेत नाही. तिथला पोरगा गाडी आवारात उभी करून एफएम लावतो, दोन गाणी ऐकतो आणि जॉब कार्डवर लिहितो, रेडिओ चेक केला, ओके. अहो, सांगली शहरात उभं राहून एफएम वाजलं तर त्यात नवल काय? प्लगमध्ये खिळा घातला तरी वाजेल. तीनदा गेलो, तीनदा ओके. तिसऱ्यांदा काउंटरवरचे साहेब म्हणाले, एएम कोण ऐकतं आता? मी म्हटलं, मी ऐकतो, म्हणून तर आलोय. त्यावर उत्तर काय, तर सेट जुना झालाय, एएमचं सर्किट गेलं असेल. न उघडता, न मोजता. आणि तपासणीचे पैसे तिन्ही वेळा लावले. तक्रार लिहून दिली ती अजून कुठल्या तरी फायलीत असेल.

मग नवा सेट, ५,८०० रुपये. गाडीबरोबर आलेला जुना सेट दुकानदारानं ६०० रुपयांत बदल्यात घेतला. तो आठवला की आजही चुटपुट लागते. नव्या सेटवरही तीच घरघर. मग कुणीतरी बूस्टर, म्हणजे सिग्नल मोठा करणारी डबी, सांगितला, ३५० रुपये. त्यानं घरघर पण मोठी केली, कारण बूस्टरला गाणं कुठलं आणि कचरा कुठला हे कळत नाही. जे आत येईल ते तो फुगवतो.

शेवटी मिरजेत स्टेशनच्या बाजूला एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक होते, त्यांच्याकडे पोचलो. त्यांनी सेटला हातच लावला नाही. स्वतःकडची एक सुटी अँटेना सेटच्या मागं खोचली, काडी खिडकीबाहेर धरली, इंजिन बंद करून १२५१ लावलं. खणखणीत! पाच मिनिटं लागली नाहीत. मग माझी वायर ओढून काढली, टेप सोलली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, ‘ही कोणी टाकली?’ मी म्हटलं, डेंटरनं. (खोटं बोललो, काय करणार.)

त्यांनी गाडीची मूळ वायर ब्लेडनं उभी चिरून दाखवली. डिशच्या वायरीत मधली तार जाड असते आणि भोवती पांढरं फोम गच्च भरलेलं. गाडीच्या अँटेनाच्या वायरीत मधली तार केसाएवढी बारीक, तीही नागमोडी, आणि ती पोकळ नळीत जवळजवळ अधांतरी पडलेली. असं का? एएमच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या. १२५१ किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास २४० मीटर. त्यापुढं आपली हातभर काडी म्हणजे काहीच नाही. ती जेमतेम १०-१५ पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखी वागते (कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, पिकोफॅरड हे त्याच्या क्षमतेचं, म्हणजे कपॅसिटन्सचं, माप). तिला जोडलेल्या वायरीची कपॅसिटन्स जितकी जास्त तितका सिग्नल तिथंच जिरतो. डिशच्या वायरीत दर मीटरला ५०-६० पिकोफॅरड तरी येतात. दोन मीटर म्हणजे शंभराच्या वर. सेटपर्यंत पोचतं काय, उरलीसुरली चव. एफएमचं तसं नाही. १०० मेगाहर्ट्झला लहर तीन मीटरची, तिचा चौथा भाग ७५ सेंटिमीटर, म्हणजे काडी लांबीला बरोबर जमते आणि वायर कुठलीही असली तरी जवळचं केंद्र येतं. म्हणून शहरात एफएम वाजतं आणि माणूस फसतो.

आणि ती छाटलेली जाळी? डॅशबोर्डच्या मागं इग्निशनचा, अल्टरनेटरचा, वायपरच्या मोटरचा जो काही कचरा फिरत असतो तो बाहेर ठेवायचं काम तिचं. मी ती तोडली तिथं वायर उघडी पडली आणि तोच तुकडा कचरा गोळा करायला लागला. अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी तिथून येत होती.

गाडीची म्हणून मिळणारी एक्स्टेन्शन वायर, मजुरी धरून १५० रुपये. सेट, बूस्टर, सर्व्हिस सेंटरचे तीन हेलपाटे हे सगळं त्या १५० रुपयांसाठी. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, काय झालं होतं? तेव्हाही डेंटरचंच नाव सांगितलं.

आता तुमच्या गाडीकडं. तुमच्या अँटेनाची वायर डेंटरनं कशी जोडलीय हे आधी बघा. जोड असेल तर माझा संशय नव्वद टक्के तिथंच. दुसरा संशय रंगावर. पिलरला लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला की अँटेनाचं बूड लोखंडाला टेकतच नाही, लांबीवर बसतं, मग बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी विजेचा जोड, कुठून मिळणार? बुडाचे स्क्रू सोडवून, त्याच्या खाली झाकली जाईल एवढीच जागा पॉलिश पेपरनं लोखंड दिसेपर्यंत घासा, थोडं ग्रीस लावून घट्ट करा. ग्रीस विसरू नका, नाहीतर साताऱ्याच्या पावसात दोन वर्षांत तिथूनच गंज धरेल आणि मला शिव्या द्याल.

मल्टिमीटर असेल तर तीन मोजमापं घ्या, पण प्लग सेटमधून काढून. लावलेला ठेवलात तर सेटचीच अर्थ मोजली जाईल आणि सगळं छान दिसेल. काडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत जवळपास शून्य ओहम. प्लगच्या बाहेरच्या कड्यापासून बॉडीच्या उघड्या लोखंडापर्यंत जवळपास शून्य. मधली पिन आणि कडं यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये, मीटर उघडं सर्किटच दाखवायला हवा. तिथं काही आकडा आला तर वायरीत पाणी शिरलंय किंवा जाळी मधल्या तारेला टेकलीय. हे साध्या काडीचं झालं. बूस्टर असलेल्या अँटेनाला हा हिशोब लागू नाही. आणि तशी अँटेना असेल तर सेटमागची निळी वायर जोडलीय का बघा, बूस्टरला १२ व्होल्ट तिथून मिळतात. बसवणारे ती टेप लावून सोडून देतात. बूस्टरला करंट नसेल तर तो साध्या काडीपेक्षा वाईट चालतो.

एएमवर इंजिनाचा आवाज येतो म्हणालात तर अजून एक करा. लायटरच्या भोकातला मोबाइल चार्जर उपसून बाजूला ठेवा. स्वस्तातले चार्जर आणि हल्लीचे एलईडी बल्ब एफएमचीसुद्धा वाट लावतात. शिट्टी इंजिन बंद करूनही येत असेल तर गुन्हेगार यातलाच. इंजिनाबरोबर टकटक वाढत असेल तर मध्ये कुणी इंजिनाचे स्पार्क प्लग बदललेत का ते आठवा. रेझिस्टरचा प्लग काढून साधा टाकला की हे होतं.

गॅरेजवाला सेकंडहँड ‘जपानी माल’ गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. जपानच्या देशी सेटमधलं जुनं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झचं, त्यावर तुमचं १०३.१ येणारच नाही. मग म्हणतील केंद्र त्या पट्ट्यात खाली आणणारा कन्व्हर्टर लावा, म्हणजे आणखी एक डबडं. अमेरिकेच्या सेटिंगवर अडकलेला सेटही असाच डोक्याला ताप. तिकडं एएमवर एका केंद्राच्या जागेपासून पुढच्या जागेची पायरी १० किलोहर्ट्झची, आपली ९ची, त्यामुळे पुण्याच्या ७९२वर बरोबर सुई बसतच नाही. सेटिंगमध्ये प्रदेश बदलता येत असेल तर बदला. आणि ते शार्कच्या पाठीवरच्या परासारखं टपावर चिकटवायचं बाजारू अँटेनाचं मॉडेल? त्यातली बरीच निव्वळ डबल टेपवरची शोभा, आत काही नसतं. माझं मत आहे, राग मानू नका.

एएम तपासण्याआधी घरचा ट्रान्झिस्टर बाहेर अंगणात लावून बघा की केंद्र मुळात चालू आहे का. मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर बऱ्याच ठिकाणी बंद केलेत, त्याचा दोष गाडीला देऊ नका. ट्रान्झिस्टर गाडीच्या आत धरू नका, पत्र्याच्या खोक्यात त्यालाही ऐकू येत नाही. आणि दिवसा तपासा. रात्री मीडियम वेव्हवर लांबलांबची केंद्रं येतात, त्यावरून काहीच कळत नाही.

हेही सांगून ठेवतो, खंबाटकी ओलांडल्यावर किंवा यवतेश्वर चढून कासच्या बाजूला गेल्यावर साताऱ्याचं एफएम सुटलं तर तो अँटेनाचा दोष नाही. एफएम नजरेच्या रेषेत चालतं, डोंगर आड आला की संपलं. पण नागठाणे काही डोंगराआड नाही, महामार्गावर सपाटीला आहे. तिथं सुटत असेल तर दोष गाडीतच आहे.

सगळ्यात आधी, मिरजेच्या मेकॅनिकनं केलं तसं, कुणाकडून तरी सुटी अँटेना मागून सेटच्या मागं खोचा, ती खिडकीबाहेर धरा आणि शेंद्र्यापासून नागठाण्यापर्यंत एक चक्कर मारा. त्यावर १०३.१ टिकलं तर सेट शाबूत आहे, साडेसहा हजार खिशात ठेवा. नाही टिकलं तर मीटरचे तिन्ही आकडे आणि पिलरजवळच्या जोडाचा फोटो टाका, मग पुढचं बघू.