काझुओ ओगा यांचं आर्टबुक साडेचार हजारांना घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'माय नेबर टोटोरो' हा जपानी अॅनिमेशनपट जीव की प्राण, सुट्टीच्या दिवशी निसर्गचित्रं रंगवता, आणि एक ऑनलाइन विक्रेता त्याचे चित्रकार काझुओ ओगा यांच्या चित्रसंग्रहाचा पहिला खंड साडेचार हजारांना देतोय. मजकूर सगळा जपानीत. घ्यावं का?

पुस्तक घ्या. त्या विक्रेत्याकडून मात्र इतक्यात नको.

तुम्ही त्याला 'टोटोरोचं आर्टबुक' म्हटलंय, तिथेच पहिली गफलत होते. ओगा पात्रं काढत नाहीत, पार्श्वभूमी रंगवतात. सात्सुकी आणि मेई या त्यातल्या बहिणी पडद्यावर धावत असतात तेव्हा मागे जे शेत, बांध, झाड, आभाळ दिसतं ते त्यांचं. या पुस्तकात ते शेत आहे, तो बांध आहे, पण मुली नाहीत. टोटोरो बघायचा म्हणून उघडाल तर पानामागून पान रिकाम्या पायवाटा दिसतील आणि पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतील. दिग्दर्शक मियाझाकींची सुरुवातीची रेखाटनं, पात्रांचे आराखडे, मांजराच्या रूपातली मांजरबस हे सगळं हवं असेल तर 'द आर्ट ऑफ माय नेबर टोटोरो' नावाचं वेगळं पुस्तक आहे. व्हिझ मीडियाने २००५ मध्ये ते इंग्रजीत काढलं. भाचीला वाढदिवसाला द्यायचं तर तेच द्या.

तुम्ही स्वतः रंगवता म्हणून माझं मत ओगांच्या बाजूने पडतं. ते १९५२ चे, जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातले. टोटोरो बनवणाऱ्या स्टुडिओ जिब्लीत येण्याआधी हिरोशिमावरच्या 'बेअरफूट गेन' (१९८३) या चित्रपटाचं कलादिग्दर्शन त्यांनी केलं होतं. १९८८ च्या टोटोरोचे कलादिग्दर्शक तेच, आणि त्यानंतर जिब्लीचं गवत कसं दिसतं हे जवळजवळ त्यांनीच ठरवलं, असं मी तरी मानतो. २००७ मध्ये टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयात त्यांच्या पार्श्वभूमी-चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. चित्रपटात काही सेकंद दिसून जाणाऱ्या कागदांना तिथे स्वतंत्र चित्राचा मान मिळाला.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की हे सगळं पोस्टर कलरमध्ये आहे. महाराष्ट्रात ज्याने एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात त्याला वेगळं सांगायला नको. त्या छोट्या बाटल्या, झाकणाशी सुकलेला रंग, आणि परीक्षा संपली की कपाटात कायमचे गेलेले ब्रश. आपल्याकडे पोस्टर कलर म्हणजे शाळेचा रंग, 'खरं' काम पारदर्शक जलरंगात, अशी एक समजूत आहे. ओगांचं एखादं पान नीट बघितलं की ती डळमळते. पारदर्शक रंगात उजेड कागदाचा असतो, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो. पोस्टर कलर अपारदर्शक, त्यामुळे आधी सावलीचा गडद हिरवा भरून त्यावर उन्हातली पाती नंतर टाकता येतात. आभाळ आणि दूरच्या टेकड्या मात्र कागद ओला असतानाच, कडा विरघळू देत. एकाच चित्रात या दोन्ही रीती कुठे मिळतात ते छापील पानावर स्पष्ट दिसतं, फोनच्या पडद्यावर नाही.

आणखी एक, जे लोक फारसं लक्षात घेत नाहीत. कॅनव्हासवरच्या मोठ्या चित्राचं पुस्तक घेतलं तर आपण मुळाची बारीक प्रत बघत असतो. अॅनिमेशनची पार्श्वभूमी मुळातच साधारण मोठ्या वहीच्या पानाएवढ्या कागदावर रंगवतात. कॅमेरा सरकायचा असेल तेव्हाच लांबलचक. म्हणून पुस्तकात ब्रशचा फटका जवळपास मूळ मापाचा दिसतो. भिंग घेऊन बघा, गवताचं एक एक पातं काढलेलंच नाही. मधला भाग मोघम फटक्यांचा, आणि कडेला, जिथे गवत पायवाटेला भिडतं तिथे, मोजकी पाती नीट रेखलेली. डोळा उरलेलं भरून घेतो. मी तर म्हणेन की ही एक गोष्ट उचललीत तरी पैसे वसूल.

टोटोरोची पानं सगळ्यांनाच आवडतात, पण मला स्वतःला 'ओन्ली यस्टरडे' (१९९१) ची जास्त शिकवणारी वाटतात. जिब्लीचे दुसरे दिग्दर्शक ताकाहातांच्या या चित्रपटात दोन काळ आहेत: १९६६ चं टोकियोतलं बालपण आणि १९८२ मधली यामागाताची सुट्टी. बालपणाची दृश्यं फिकट, कडांना कागद कोरा सोडलेली. यामागाताची शेतं काठोकाठ भरलेली, पहाटेच्या धुक्यासकट. चित्रपट तोच, कलादिग्दर्शक तोच, आणि किती रंगवायचं आणि कुठे थांबायचं याचे दोन पूर्ण वेगळे निर्णय. त्या शेतातलं पिवळं-केशरी फूल कोणतं माहितेय? आपली करडई! सोलापूरकडे तेलासाठी पेरतात तीच. यामागातात ती लाल रंगासाठी प्रसिद्ध.

आता पैशांचं. साडेचार हजार म्हणजे आजच्या दराने सात-आठ हजार येन. जपानमध्ये नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानाला ती वाढवता किंवा कमी करता येत नाही. १९५३ पासून कायद्यानेच तशी मुभा प्रकाशकांना आहे. ती किंमत मागच्या कव्हरवर छापलेली असते, करावेगळी. विक्रेत्याकडे मागच्या कव्हरचा स्पष्ट फोटो मागा. छापील येन गुणिले साठ पैसे करा, टपालखर्च धरा (जाड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक वजनदार असतं, खरी मार तिथेच बसते), परदेशी पुस्तकांवर २०१९ पासून लागलेलं ५ टक्के सीमाशुल्क धरा. माझ्या अंदाजाने आकडा साडेचार हजारांच्या बराच खाली येईल. थोडा नफा त्यानेही घ्यावा, त्याबद्दल तक्रार नाही, पण 'दुर्मीळ आहे' म्हणून दुप्पट देऊ नका.

त्याच फोटोत नकली प्रतही ओळखता येते. जपानी पुस्तकाच्या मागे एकाखाली एक असे दोन बारकोड असतात. वरचा ९७८ ने सुरू होतो, खालचा १९२ ने. वरच्यात ९७८ नंतर ४ आणि मग १९ आलं पाहिजे. ४ जपानचा, १९ तोकुमा शोतेन या प्रकाशकाचा. एकच बारकोड, किंवा फोटोच द्यायला टाळाटाळ, तर विषय सोडून द्या. नकली प्रतीत पहिला बळी हिरव्या रंगाचा जातो, सगळ्या छटा एकसारख्या मेंदीसारख्या होतात, आणि या पुस्तकात हिरव्याशिवाय आहे काय?

जुनी प्रत चालत असेल तर मांदाराकेसारखी जुन्या पुस्तकांची जपानी दुकानं परदेशात पाठवतात. तिथे प्रतीची अवस्था प्रामाणिकपणे लिहिण्याची पद्धत आहे; पानं पिवळी पडलीत, कव्हरवरची कागदी पट्टी नाही, असं सगळं. ती पट्टी नसली म्हणून काही बिघडत नाही, तिचे जादा पैसे संग्राहक मोजतात. पहिली आवृत्ती की पंधरावी, याचाही तुम्हाला फरक पडू नये.

भाषेची काळजी करू नका. मजकूर कमी आहे, फोनचा कॅमेरा धरला की कामापुरता अर्थ कळतो.

तरीही धाकधूक असेल तर आधी फुकटात परीक्षा घ्या. स्टुडिओ जिब्लीने २०२० पासून आपल्या संकेतस्थळावर चित्रपटांतली स्थिरचित्रं मोफत ठेवलीत, टोटोरोचीसुद्धा. त्यातलं एक उघडा, पात्रांकडे दुर्लक्ष करा आणि मागची फक्त झाडी तुमच्या रंगात उतरवायला बसा. तासाभरात कंटाळलात तर पुस्तकही कपाटातच जाणार.

दुसरा खंड २००५ चा आहे. 'प्रिन्सेस मोनोनोके' १९९७ ची, म्हणजे १९९६ च्या पहिल्या खंडात तिची जंगलं शोधू नका. त्या चित्रपटाला पाच कलादिग्दर्शक होते, ओगा त्यातले एक. त्यातल्या एमिशी जमातीच्या गावासाठी ते उत्तर जपानमधल्या शिराकामीच्या बीच वृक्षांच्या जंगलात जाऊन आले होते. आणि 'प्रिन्सेस कागुया' (२०१३), जिच्यात त्यांनी कागद जवळपास कोराच सोडलाय, ती दोन्ही खंडांच्या नंतरची. कोणी दोन्ही खंडांचा संच 'कागुयासकट संपूर्ण ओगा' म्हणून विकत असेल तर त्याला हसून नमस्कार करा. सुरुवात पहिल्यापासूनच करा.

तुम्ही चिपळूणचे म्हणता, म्हणून शेवटचं: गुळगुळीत कागदाची पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतात, आणि सोडवायला गेलं की रंगासकट निघतात. जून ते सप्टेंबर भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आठवड्यातून एकदा पंख्याखाली सगळी पानं उलटा. मागच्या कव्हरचा फोटो आला की इथे टाका, येनचा हिशोब मी करून देतो.